तिसऱ्या प्रकरणात मरणारे शिपाई

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

आटपाट नगर असायचं, तिथं राजवाडा असायचा आणि राजवाड्याच्या दारावर भाले घेतलेले दोन पहारेकरी असायचे. ‘चांदोबा’तल्या चित्रांत ते आपण सगळ्यांनीच पाहिलेत. नायक घोडा फेकत यायचा, एकाला डावीकडे लोळवायचा, दुसऱ्याला उजवीकडे, आणि थेट आत, राजकन्येच्या महालात. गोष्ट पुढं सरकायची. त्या दोघांपैकी एखाद्याच्या घरी दुखणाईत आई होती का, दुसरा त्या दिवशी कुणाच्या बदलीवर उभा होता का, हे विचारायचं आपल्याला कधी सुचलं नाही. गोष्ट सांगणाऱ्यालाही नाही.

ते सुचलं टेरी प्रॅचेट नावाच्या एका इंग्रज कादंबरीकाराला. १९८९ साली त्यानं ‘गार्ड्‌स! गार्ड्‌स!’ ही कादंबरी चक्क या पहारेकऱ्यांना अर्पण केली. साधारण तिसऱ्या प्रकरणात दालनात धावत यायचं, एकेकट्यानं नायकावर चाल करायची आणि मरून पडायचं, एवढंच ज्यांचं काम असतं आणि ज्यांची या बाबतीतली इच्छा कुणी विचारलेली नसते, अशांना हे पुस्तक, अशा आशयाची ती अर्पणपत्रिका आहे. वाचताना आधी हसू येतं. मग आपण आजवर वाचलेल्या सगळ्या शौर्यकथा आठवतात आणि थोडं ओशाळल्यासारखं होतं.

प्रॅचेटची ओळख विनोदी लेखक अशीच आहे. ‘डिस्कवर्ल्ड’ या काल्पनिक जगावर त्यानं ४१ कादंबऱ्या लिहिल्या, जगभरात त्याच्या पुस्तकांच्या साडेसात कोटींहून जास्त प्रती खपल्या. विनोदी म्हटलं की ते पुस्तक गाडीत वेळ घालवायचं, ही समजूत काही फक्त आपल्याकडची नाही. इंग्लंडातल्या समीक्षकांनीही बराच काळ त्याच्याकडे नाक मुरडूनच पाहिलं. ए. एस. बायट यांच्यासारख्या विदुषी कादंबरीकार उघडपणे त्याच्या बाजूनं बोलत, पण असे आवाज थोडे. मला मात्र वाटतं की, वीरपुरुष नावाच्या कल्पनेची इतकी कसून झडती गेल्या शंभर वर्षांत फार थोड्यांनी घेतली असेल. ती त्यानं घेतली बातमीदाराच्या नजरेनं, आणि याला त्याच्या आयुष्यात कारण आहे.

त्याचा जन्म २८ एप्रिल १९४८ चा, बकिंगहॅमशायरमधल्या बीकन्सफील्ड या गावचा. वडील मोटार मेकॅनिक, आई सेक्रेटरी. शाळेपेक्षा गावच्या सार्वजनिक वाचनालयानं आपल्याला शिकवलं, असं तो कायम सांगे. तिथं तो शनिवारी कामही करायचा. तेरा वर्षांचा असताना ३१ डिसेंबरच्या रात्री कुणाची तरी मुलं सांभाळायला म्हणून तो बसला होता आणि हातात टॉल्किनचं ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ होतं. त्या रात्री त्यानं पुस्तक खाली ठेवलं नाही. हे लक्षात ठेवायला हवं, कारण पुढं ज्या साहित्यप्रकाराची त्यानं टोपी उडवली त्याच्यावर त्याचा मनापासून जीव होता.

सतराव्या वर्षी, १९६५ साली, शाळा सोडून तो ‘बक्स फ्री प्रेस’ या स्थानिक वृत्तपत्रात उमेदवार म्हणून लागला. कामावर गेल्यावर तीन तासांत आपण पहिलं प्रेत पाहिलं, असं तो सांगत असे. पुढची वर्षं नगरपालिकेच्या सभा, कोर्टातले किरकोळ खटले, लग्नं, अपघात यांच्या बातम्या करण्यात गेली. स्थानिक बातमीदाराला एक गोष्ट लवकर कळते. गावात काहीही मोठं घडलं, की दुसऱ्या दिवशी सकाळी काचा झाडायला, पंचनामा करायला आणि नुकसान मोजायला कुणीतरी यावंच लागतं, आणि त्याचं नाव बातमीत येत नाही. १९८० च्या सुमारास तो सरकारी वीजमंडळात प्रसिद्धी अधिकारी झाला. त्याच्या भागात अणुवीज केंद्रं होती, आणि अमेरिकेत थ्री माइल आयलंडची दुर्घटना १९७९ च्या मार्चमध्येच घडलेली. आपण नोकरी बदलायला मुहूर्त बरा साधला, असं तो म्हणे. सगळं ठीक आहे असं लोकांना सांगत राहणं हे त्याचं काम. सत्ताधाऱ्यांची भाषा त्याच्या कादंबऱ्यांत इतकी हुबेहूब कुठून आली, ते यावरून समजावं.

आता जरा त्या साहित्यप्रकाराकडे वळू. तलवारी, चेटूक आणि ड्रॅगन यांच्या आधुनिक कादंबरीचे दोन मोठे झरे. एक अमेरिकेतल्या स्वस्त मासिकांचा. रॉबर्ट हॉवर्डचा कोनन हा रानदांडगा वीर १९३२ साली ‘वियर्ड टेल्स’मध्ये अवतरला. दुसरा ऑक्सफर्डच्या प्राध्यापक टॉल्किनचा, १९५४-५५ चा. टॉल्किनचं पुस्तक साठीच्या दशकात स्वस्त आवृत्तीत अमेरिकी तरुणांच्या हाती पडलं आणि प्रकाशकांना बाजार सापडला. १९७७ साली टेरी ब्रुक्सचं ‘द स्वोर्ड ऑफ शॅनारा’ धो धो खपलं. मग साचाच पडला. खेड्यात वाढलेला पोरका मुलगा, तो खरं तर हरवलेला राजपुत्र, अंगावर जन्मखूण, एक भाकीत, एक जुनी तलवार, पांढऱ्या दाढीचा जादूगार, आणि शेवटी राज्याभिषेक. टॉल्किनच्या पुस्तकातलं दुःख गळून गेलं, नकाशे तेवढे राहिले.

ब्रिटनमध्ये तोवर थट्टेचा हंगाम आला होता. माँटी पायथन मंडळींनी १९७५ च्या चित्रपटात आर्थर राजाच्या सरदारांची पार रेवडी उडवली. १९७८ साली डग्लस अ‍ॅडम्सची ‘हिचहायकर्स गाइड’ ही अंतराळातली धमाल बीबीसी रेडिओवर सुरू झाली. प्रॅचेटनं या हवेत १९८३ साली ‘द कलर ऑफ मॅजिक’ आणलं. कोलिन स्माइथ या छोट्या प्रकाशकाच्या या पुस्तकाच्या ब्रिटनमधल्या पहिल्या आवृत्तीच्या प्रती होत्या फक्त ५०६. पुस्तकाला वाचक मिळवून दिले ते बीबीसी रेडिओच्या ‘वूमन्स अवर’ या स्त्रियांसाठीच्या कार्यक्रमानं. तिथं ते सहा भागांत वाचलं गेलं. दुपारी घरकाम उरकता उरकता ऐकणाऱ्या बायकांना ड्रॅगन आणि चेटूक आवडेल असं कुणाला वाटलं असतं? नभोवाणीवर बोलताना ही आठवण सांगायचा मोह मला आवरत नाही.

या पुस्तकातलं जग ताटासारखं सपाट आहे. ते चार हत्तींच्या पाठीवर आणि ते हत्ती एका प्रचंड कासवाच्या पाठीवर. आपल्याला यात ओळखीचं काही दिसलं तर नवल नाही. पृथ्वी तोलणारे दिग्गज आपल्याकडे आहेत, मंदार पर्वत पाठीवर घेणारा कूर्मावतारही आहे. युरोपात या कल्पना प्रवाशांच्या आणि मिशनऱ्यांच्या लिखाणातून पोचल्या. तत्त्ववेत्ता जॉन लॉकनं १६९० च्या आपल्या ग्रंथात कासवावर हत्ती ठेवणाऱ्या एका हिंदी माणसाचा दाखला दिला आहे, अर्थात त्याची फजिती करण्यासाठी. तीनशे वर्षांनी प्रॅचेटनं कासव उचललं आणि त्याच्यावर आपला संसार थाटला. शास्त्रज्ञांनीही दाद दिली. न्यूझीलंडमध्ये सापडलेल्या एका प्राचीन सागरी कासवाच्या जीवाश्माला १९९५ साली त्याचं नाव देण्यात आलं.

तर या कासवावरच्या जगातला पहिला नायक रिन्सविंड. हा जादूगार आहे, पण त्याला जादू येत नाही. त्याला पळता मात्र उत्तम येतं. त्याच्या गळ्यात पडतो टूफ्लॉवर, त्या जगातला पहिला पर्यटक. हा बापडा एका खानावळवाल्याला अग्निविमा म्हणजे काय ते समजावून सांगतो. खानावळवाला हिशेब करतो आणि अंख-मॉरपॉर्क नावाचं अख्खं शहर जळून जातं. ड्रॅगनच्या फुत्कारानं नाही, विम्याच्या कलमानं! जादूच्या जगात पैशाचा व्यवहार सोडला की काय होतं, ही प्रॅचेटची पुढं आयुष्यभर पुरलेली युक्ती इथंच दिसते.

१९८६ च्या ‘द लाइट फँटॅस्टिक’मध्ये त्यानं कोननलाच पकडलं. त्याचा कोहेन हा रानदांडगा वीर ऐंशी ओलांडलेला आहे. दात गेलेत, कंबर धरलीय. आयुष्यात खरं सुख कशात, असं विचारल्यावर कोननसारखा वीर शत्रूच्या पराभवाविषयी बोलेल. म्हातारा कोहेन गरम पाणी आणि बरा दंतवैद्य यांच्याविषयी बोलतो. हा विनोद सोपा आहे असं वाटेल. पण जरा विचार करा, वीर म्हातारे होतात हे कोणत्या वीरकथेत सांगितलं आहे? ते तरुणपणी मरतात नाहीतर राज्यावर बसतात. गुडघे दुखणारा वीर कुठल्याच पोवाड्यात नाही.

सुरुवातीची ही दोन-तीन पुस्तकं म्हणजे विडंबनंच. तिथंच तो थांबला असता तर आज मी त्याच्याविषयी बोलत नसतो. विडंबनाचं एक दुखणं असतं. मूळ साचा लोक विसरले की त्याची थट्टाही शिळी होते. १९८७ साली नोकरी सोडून तो पूर्णवेळ लिहायला लागला आणि दोन वर्षांनी ‘गार्ड्‌स! गार्ड्‌स!’ आलं. त्या पहारेकऱ्यांजवळ जरा थांबतो, कारण त्याचं खरं काम इथं आहे.

अंख-मॉरपॉर्क शहराचा राज्यकर्ता व्हेटिनारी हा थंड डोक्याचा माणूस. त्यानं चोरांचा अधिकृत संघ करून टाकला आहे. वर्षाला किती चोऱ्या करायच्या ते ठरलेलं, आणि लुटलेल्या माणसाला रीतसर पावती मिळते. साहजिकच रात्रीच्या गस्तीला काही काम उरलेलं नाही. गस्तीत माणसं तीन. दारुडा कप्तान सॅम व्हाइम्स, लठ्ठ हवालदार कोलन, आणि ज्याला माणूस म्हणावं की नाही याविषयी शंका आहे असा नॉबी. यांच्यात येतो कॅरट. साडेसहा फूट उंच, बुटक्यांच्या खाणीत वाढलेला, हातात जुनी तलवार, अंगावर मुकुटाच्या आकाराची जन्मखूण. म्हणजे साच्यातला राजपुत्र, जसाच्या तसा. पण त्यानं येताना कायद्याचं पुस्तक पाठ करून आणलंय, आणि रुजू झाल्या झाल्या तो चोरसंघाच्या अध्यक्षालाच अटक करतो.

तिकडे एक गुप्त मंडळ कट करतंय. जादूनं ड्रॅगन बोलवायचा, लोकांना घाबरवायचं, मग आपला एक भाडोत्री वीर पुढं करून ड्रॅगन मारल्याचं नाटक करायचं आणि त्याला राजा करायचं. सूत्रं आपल्या हाती. गंमत अशी की ड्रॅगन त्या वीरालाच भाजून काढतो आणि स्वतः राजा होऊन बसतो. यानंतरचा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. शहर काय करतं? जुळवून घेतं. नव्या राजाला दरमहा एक मुलगी बळी हवी असते, आणि शहरातले प्रतिष्ठित लोक टेबलाभोवती बसून ते ऐकून घेतात. प्रत्येकाच्या मनात हिशेब चालू, की आपल्या घरापर्यंत पाळी येईल का. ओरडून ‘नाही’ म्हणणारा कुणी नाही. विनोदी कादंबरीतलं हे पान वाचताना हसू येत नाही.

मग गस्तवाले उभे राहतात. गोष्टीत दहा लाखांत एक अशी शक्यता असली की ती हमखास खरी ठरते, हे त्यांनाही ऐकून माहीत आहे. कोलनला बाण मारायचा आहे. नेम सोपा असेल तर चुकेल, म्हणून तो अवघड करायचा. एका पायावर उभं राहा, तोंडात रुमाल धर, असं करत करत ते शक्यता बरोबर दहा लाखांत एकवर आणायला बघतात. बाण चुकतो, कारण त्यांचा हिशेब थोडक्यात हुकलेला असतो. शेवटी तो ड्रॅगन कुणाच्याही तलवारीनं मरत नाही. ती मादी निघते आणि आपल्या जोडीदाराबरोबर उडून जाते. त्याआधी कॅरट तिला कायद्यातली कलमं सांगून रीतसर अटक करतो. शहर वाचवल्याबद्दल गस्तवाल्यांना बक्षीस विचारतात तेव्हा ते पगारात थोडी वाढ, चहाची नवी किटली आणि एक डार्टबोर्ड मागतात. कॅरट हाच गादीचा वारस आहे हे हळूहळू सगळ्यांना कळून चुकतं, बहुधा त्यालाही. पण तो कधीही सिंहासनावर बसत नाही. शिपायाच्या नोकरीतच राहतो.

व्हाइम्सचं दारूचं व्यसन पुढच्या पुस्तकांत सुटत जातं आणि त्याच्या तोंडून प्रॅचेट अर्थशास्त्रही बोलतो. ‘मेन अ‍ॅट आर्म्स’मध्ये (१९९३) व्हाइम्स बुटांचा हिशेब मांडतो. चांगले बूट ५० डॉलरचे, दहा वर्षं टिकतात. गरिबाला ते परवडत नाहीत, तो १० डॉलरचे घेतो, आणि ते एक-दोन हंगामांत फाटतात. दहा वर्षांत त्याचे १०० डॉलर जातात आणि पाय ओले ते ओलेच. हा हिशेब कादंबरीत राहिला नाही. महागाईचे सरकारी आकडे गरिबाच्या पिशवीतली महागाई दाखवत नाहीत, अशी तक्रार करत जॅक मन्रो यांनी जानेवारी २०२२ मध्ये ब्रिटनमध्ये ‘व्हाइम्स बूट्स’ नावाचा निर्देशांक काढायचं जाहीर केलं. प्रॅचेटच्या वारसांनी नाव वापरायला परवानगी दिली. त्याच वर्षी तिथल्या सरकारी सांख्यिकी कार्यालयानं सर्वांत स्वस्त वाणसामानाच्या किमतींचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला.

‘जिंगो’ (१९९७) हे युद्धाविषयीचं पुस्तक. समुद्रातून अचानक एक बेट वर येतं आणि दोन देश त्याच्यासाठी सैन्य गोळा करतात. कल्पना अगदीच अतर्क्य नाही बरं का. १८३१ साली सिसिलीजवळ ज्वालामुखीमुळे असंच बेट वर आलं होतं. ब्रिटन, फ्रान्स आणि सिसिलीचं राज्य तिघांनी त्यावर हक्क सांगितला आणि सहा-एक महिन्यांत बेट पुन्हा बुडालं. प्रॅचेटच्या कादंबरीत दोन्ही सैन्यं समोरासमोर ठाकल्यावर पोलीस अधिकारी व्हाइम्स मधे जातो आणि शांतताभंगाच्या आरोपाखाली दोन्ही सैन्यांना अटक करतो. कारण चार माणसांनी चौकात केलेली मारामारी गुन्हा असेल, तर चार हजारांनी केलेली का नसावी? साधा पोलिसी प्रश्न आहे. त्याला उत्तर देताना भल्याभल्यांची भंबेरी उडेल.

पण वीरांविषयी त्याच्या मनात निव्वळ तिरस्कार असता तर ‘द लास्ट हीरो’ (२००१) लिहिलं गेलं नसतं. म्हातारा कोहेन आणि त्याचे म्हातारे सोबती देवांवर चिडून निघालेत. आपल्याला म्हातारं का होऊ दिलं, याचा जाब विचारायचा आणि देवांच्या पर्वतावर स्फोट घडवायचा. त्यात सगळं जगच संपेल, हे त्यांच्या गावी नाही. सोबत एक भाट जबरदस्तीनं धरून आणलाय, कारण पोवाडा झाला नाही तर पराक्रमाचा उपयोग काय! शेवटी त्यांच्यासमोर उभा राहतो एकटा कॅरट. सात वीर, एक शिपाई. आणि त्या म्हाताऱ्यांच्या लक्षात येतं, की अनेकांविरुद्ध एकटा उभा राहणारा शूर माणूस नेहमी जिंकतो, हा तर आपलाच नियम. आजवर तो एकटा माणूस आपण असायचो. या वेळी आपण दुसऱ्या बाजूला, म्हणजे तिसऱ्या प्रकरणात मरणाऱ्यांच्या बाजूला आहोत. बारा वर्षांपूर्वीच्या त्या अर्पणपत्रिकेचं वर्तुळ इथं पुरं होतं, आणि ते पुरं करताना प्रॅचेट म्हाताऱ्यांचा अपमान करत नाही.

त्याच्या जगातलं सर्वांत लाडकं पात्र कुठलं असेल, तर मृत्यू. हाडांचा सापळा, हातात विळा, पण स्वभावानं कर्तव्यदक्ष कारकून. त्याला मांजरं आवडतात, आणि चक्क आपल्यासारखी मसालेदार करीही आवडते. आपला यम रेड्यावर येतो, हा पांढऱ्या घोड्यावर, आणि घोड्याचं नाव बिंकी. तो बोलतो ते सगळं मोठ्या रोमन अक्षरांत छापलेलं असतं. आपल्या देवनागरीत लहान-मोठी अक्षरंच नाहीत, तेव्हा मराठी अनुवादकाला मृत्यूचा आवाज कुठून आणावा हा प्रश्न पडेल.

डिसेंबर २००७ मध्ये प्रॅचेटनं जाहीर केलं की आपल्याला अल्झायमर झाला आहे, तोही दुर्मीळ प्रकारचा. यात मेंदूच्या मागच्या भागावर परिणाम होतो; बोलणं शाबूत राहतं, पण दिसलेलं कळेनासं होतं. टंकलेखन यंत्राच्या कळा सापडेनात. तेव्हा तो तोंडी मजकूर सांगून कादंबऱ्या लिहू लागला. संशोधनासाठी त्यानं मोठी देणगी दिली आणि या आजारावर उघडपणे बोलत राहिला. फेब्रुवारी २०१० मध्ये बीबीसीवर त्याचं रिचर्ड डिंबलबी व्याख्यान झालं, विषय होता आपलं मरण आपण ठरवण्याचा हक्क. प्रास्ताविक त्यानं केलं, व्याख्यान वाचलं नट टोनी रॉबिन्सन यानं, कारण लेखकाला स्वतःचाच मजकूर वाचता येत नव्हता. त्या विषयावर मतभेद आहेत आणि राहतील. तो स्वतः मात्र १२ मार्च २०१५ रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, आपल्या घरी या आजारानंच गेला. त्याच्या ट्विटर खात्यावरून बातमी आली ती मोठ्या अक्षरांत, म्हणजे मृत्यूच्याच आवाजात.

मधल्या काळात, २००९ साली, राणीनं त्याला ‘सर’ केलं होतं. आयुष्यभर तलवारबाज नायकांची खिल्ली उडवणाऱ्या या माणसाला वाटलं, सरदार झालो तर तलवार हवीच. म्हणून त्यानं घराजवळच्या शेतातून लोहखनिज खणून काढलं, मित्राच्या मदतीनं भट्टी लावून ते वितळवलं, त्यात अशनीचे तुकडे घातले आणि तलवार घडवून घेतली. मला हे वाचून बरं वाटलं. तेरा वर्षांचा तो मुलगा कुठं गेला नव्हता.

अपुरं लिखाण आपल्यामागं कुणी प्रसिद्ध करू नये, संगणकाची हार्ड डिस्क रोड रोलरखाली चिरडून टाकावी, अशी त्याची इच्छा होती. २५ ऑगस्ट २०१७ रोजी डॉर्सेटमधल्या वाफेच्या यंत्रांच्या जत्रेत, त्याच्या अनेक वर्षांच्या सहायकाच्या देखरेखीखाली, एक जुना वाफेचा रोलर त्या डिस्कवरून अनेकदा फिरवण्यात आला. ती पुरती मोडेना. शेवटी दगड फोडायच्या यंत्रात घालावी लागली. तिचे तुकडे नंतर सॉल्झबरीच्या संग्रहालयात मांडले होते.